पपईचा चीक, शेंगांचं तूप

१९७८ साली जळगावच्या भवरलाल जैन यांनी केळीची भुकटी करणारा एक आजारी कारखाना तीस लाख रुपये मोजून विकत घेतला. कारखाना चौदा वर्षांचा, आणि त्याच्या अवस्थेकडे पाहता किंमत भलतीच चढी.

भुकटीची कल्पना मुळात चुकीची नव्हती. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीची लागवड मृगबाग हंगामाची असो की कांदेबाग हंगामाची, घड कापणीला येतात ते झुंडीने येतात. रेल्वेची वॅगन वेळेवर लागली नाही, दिल्लीचा भाव पडला, की बांधावर पिवळा चिखल होतो. केळी वाळवून ठेवली तर ती महिनोन्‌महिने टिकेल, हा विचार खानदेशात कुणालाही सुचला असता. अडचण हिशेबात होती. शंभर किलो केळी सोलली की साठ-एक किलो गर उरतो. त्यात तीन चतुर्थांश पाणी. म्हणजे हाती येणारी भुकटी जेमतेम पंधरा किलो, आणि तिच्यासाठी पंचेचाळीस किलो पाण्याची वाफ करायची. सोललेला गर हवा लागली की काळा पडतो. पिकलेल्या केळीतली साखर वाळवताना यंत्राला चिकटते, आणि भुकटी हवेतलं पाणी ओढून पुन्हा गोळा होते. एवढं सगळं सोसून तयार झालेला माल शेवटी स्वस्तातच विकायचा.

जैनांनी त्या कारखान्यात केळी वाळवली नाहीत. यंत्रसामग्रीत फेरफार करून त्यांनी पपईच्या चिकापासून शुद्ध पपेन काढायला घेतलं. १९७८च्याच डिसेंबरात पहिला माल परदेशी रवाना झाला. पुढच्या काही वर्षांत जळगाव हे शुद्ध पपेनच्या जागतिक बाजारातलं पहिल्या क्रमांकाचं नाव झालं.

हा पल्ला एकट्या माणसाच्या धडाडीचा म्हणून सांगितला जातो, आणि धडाडी होतीच. पण त्यामागे खानदेशातली तीसेक वर्षांची एक परंपरा होती, आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही. या भागात रासायनिक उद्योग आला तो खनिज तेलातून किंवा खाणीतून आला नाही. शेंगा, सरकी, मका, पपई, कांदा, म्हणजे शेतातून बैलगाडीत आणि ट्रॅक्टरमध्ये भरून येणाऱ्या मालातून तो उभा राहिला. त्याचा इतिहास खरं तर मोजमापाचा इतिहास आहे. मालाचं वजन करून पैसे देणारा बाजार हळूहळू मालाच्या आत काय आहे ते मोजू लागला. आत काय आहे ते एकदा कळलं की उरलेल्या चोथ्यातही काय आहे ते कळतं, आणि मग चोथा टाकायला हात धजावत नाही.

ही गोष्ट सुरू होते अमळनेरला.

बोरी नदीकाठचं हे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रताप शेठ यांनी १९०६ साली इथे कापडगिरणी काढली आणि खानदेशचा कापूस जागच्या जागी सूत होऊ लागला. कापसाबरोबर सरकी येते. काळ्या जमिनीत कापसाच्या जोडीला भुईमूग होता. तेलबियांना तोटा नव्हता, मजूर होते, गाडी दारात होती. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी नोंदवली आणि अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना उभा केला. या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतूनच पुढे ‘विप्रो’ झालं. त्या काळात अमळनेरकरांनी घेऊन ठेवलेल्या शेअरच्या कथा गावात आजही सांगितल्या जातात, पण इथे विषय तुपाचा आहे.

वनस्पती तूप हे तेव्हाच्या मानाने अत्यंत आधुनिक रसायन होतं. फ्रान्सच्या पॉल साबातिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिलं होतं की, निकेलच्या बारीक चूर्णाच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू कार्बनी पदार्थांच्या दुहेरी बंधांवर जाऊन बसतो. त्याबद्दल त्यांना १९१२ साली नोबेल मिळालं. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली हीच युक्ती पातळ तेलाला लावली आणि तेल थिजलं. हिंदुस्थानात १९३७ साली ‘डालडा’ आलं, आणि पुढच्या दहा वर्षांत तेलबियांच्या प्रत्येक पट्ट्यात असा एखादा कारखाना असावा असं भांडवलदारांना वाटू लागलं.

कारखान्यात घडायचं ते असं. शेंगा फोडून दाणे वेगळे व्हायचे. टरफलं शेंगेच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के भरतात, आणि तेलगिरण्यांत ती थेट बॉयलरखाली जातात. दाण्याचं तेल निघालं की ढेप उरते, ती गुरांना. कच्च्या तेलात मोकळी मेदाम्लं असतात, त्यांनी तेलाला वास येतो. ती काढायला तेलात कॉस्टिक सोडा घालतात. मेदाम्लं आणि सोडा मिळून गढूळ, चिकट साबणी गाळ तळाशी बसतो. वरचं स्वच्छ तेल बंद टाकीत दीडशे ते दोनशे अंश तापवून त्यात निकेल आणि हायड्रोजन सोडायचा. पुरेसं घट्ट झालं की गाळणयंत्रातून काढायचं. निकेल कापडावर राहतं, आणि ते पुढच्या घाण्याला पुन्हा वापरता येतं. हायड्रोजन तेव्हा पाण्यात वीज सोडून तयार करत. त्यात निघणारा ऑक्सिजनही नळकांड्यांत भरून विकता येतो.

तो साबणी गाळ अमळनेरात वाया गेला नाही. त्यातून कपडे धुण्याचा साबण झाला. ‘७८७’ नावाचा हा साबण आणि ‘सनफ्लॉवर’ वनस्पती ही कंपनीची सुरुवातीची ओळख होती. साबणाचा धंदा वेगळा असा कुणी ठरवून काढला नव्हता. तेल शुद्ध करताना जे खाली बसत होतं त्याला गिऱ्हाईक शोधलं, एवढीच त्याची सुरुवात. पुढे याच घरातून ‘संतूर’ आला.

ऑगस्ट १९६६मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी अचानक वारले आणि एकवीस वर्षांचा मुलगा अझीम स्टॅनफर्डमधलं अभियांत्रिकीचं शिक्षण अर्धवट सोडून परतला. अमळनेरच्या कारखान्यात तेव्हा शेंगांची खरेदी जुन्या पद्धतीने चालायची. खरेदीदार ढिगात हात घालायचा, चार दाणे चुरडायचा, एखादा दाताखाली धरायचा आणि भाव सांगायचा. अनेक वर्षांच्या सरावाने हा अंदाज बऱ्यापैकी जुळतही असे. तरीही तो अंदाजच. तरुण प्रेमजींनी तिथे मापं आणली: नमुना वजन करा, टरफल काढून पुन्हा वजन करा, तापवून ओल किती ते पाहा, तेल किती निघतं ते पाहा, मग भाव ठरवा. संगणकाच्या धंद्यामुळे प्रेमजींचं नाव जगभर झालं, पण त्यांच्या कारभाराची खरी बाराखडी शेंगांच्या या ढिगाऱ्यापाशी गिरवली गेली, असं म्हणायला हरकत नाही. शेतकऱ्याच्या बाजूनेही हे बरंच होतं. ज्याचा दाणा भरलेला आणि वाळलेला, त्याला ते सिद्ध करायला आता दलालाच्या मर्जीची गरज उरली नाही.

मोजण्याची आणखी एक गोष्ट या तुपात कायद्यानेच घालून ठेवलेली होती. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळून विकण्याची लबाडी देशभर चालायची. गांधीजींचा वनस्पतीला विरोध होता आणि त्यावर बंदी घाला अशी मागणीही जोरात होती. सरकारने बंदी घातली नाही, मार्ग काढला तो रसायनशास्त्रातला. प्रत्येक वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे, असा नियम झाला. तिळाच्या तेलात असा एक घटक असतो की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फर्फ्युरल घालून नळी हलवली की खालचा थर गुलाबी-लाल होतो. ही बोदुआँ चाचणी. साजूक म्हणून आणलेलं तूप नळीत घातलं आणि रंग आला की भेसळ उघडी पडते. ज्या पदार्थाने लोकांना फसवता येतं, त्याच पदार्थात त्याची फिर्याद भरून ठेवायची, ही त्या काळच्या कायदेकर्त्यांची सूझ दाद देण्याजोगी आहे.

पण याच तुपाने पुढे एक कठीण धडाही दिला. आजचे हरित रसायनशास्त्रज्ञ प्रक्रियेचा दर्जा ठरवताना विचारतात की, घातलेले अणू मालात किती उतरले आणि कचऱ्यात किती गेले. १९९१मध्ये बॅरी ट्रॉस्ट यांनी या हिशेबाला अणूंची काटकसर असं रूप दिलं. त्या कसोटीवर तेलाचं हायड्रोजनीकरण जवळजवळ निर्दोष ठरतं. तेल अधिक हायड्रोजन बरोबर तूप, बाकी काही नाही. निकेल परत मिळतं, गाळाचा साबण होतो, ढेप गुरं खातात. आणि तरीही अर्धवट हायड्रोजनीकरणात काही मेदाम्लांची साखळी उलट वळते आणि ट्रान्स मेद तयार होतात. ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांना घातक आहेत हे १९९०च्या दशकात स्पष्ट होत गेलं. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स मेदांवर जानेवारी २०२१पासून तीन टक्क्यांची आणि जानेवारी २०२२पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली. स्वच्छ प्रक्रियेतून निघालेला माल खाणाऱ्याला सोसेलच असं नाही. खानदेशातल्या कित्येक घरांनी दोन पिढ्या ज्या डब्यातून लाडू वळले, त्या डब्यात हा दोष होता आणि तो कुणाला ठाऊक नव्हता.

अमळनेरहून सुरतेच्या दिशेने त्याच लोहमार्गावर दोंडाईचा लागतं. धुळे जिल्ह्यातलं, शिंदखेडा तालुक्यातलं हे गाव मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. १९७३मध्ये स्थापन झालेल्या ‘युनिव्हर्सल स्टार्च केम अलाइड’ कंपनीचा कारखाना इथे आहे. कच्चा माल मका.

मक्याचा दाणा फोडून त्याचे भाग वेगळे करण्याची ओली पद्धत म्हणजे प्रक्रिया अभियांत्रिकीचा उत्तम वस्तुपाठ. दाणे आधी सल्फर डायऑक्साइड किंचित विरघळवलेल्या, पन्नास अंशांच्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजत ठेवतात. गंधकाचं हे पाणी दाण्यातल्या प्रथिनांची वीण सैल करतं आणि कुजवणारे जंतू रोखतं. मग दाणा भरडला की अंकुर तेलकट असल्यामुळे हलका पडतो, तो वर येतो. त्याचं तेल निघतं. भुसा चाळणीवर राहतो. उरलेल्या दुधाळ पाण्यात स्टार्च आणि प्रथिनं असतात. ती गरगर फिरवली की जड स्टार्च बाहेर फेकला जातो आणि पिवळं ग्लुटेन वेगळं होतं. शंभर किलो मक्यातून साठ-पासष्ट किलो स्टार्च मिळतो. तो कापडाच्या खळीला, कागदाला, औषधाच्या गोळ्यांना जातो, आणि त्याचाच ग्लुकोज होतो. भुसा आणि ग्लुटेन पशुखाद्यात जातं.

राहिलं ते भिजवणीचं तपकिरी, आंबूस वासाचं पाणी. जगात बराच काळ ते गटारात जात होतं. १९४१ साली, ऐन महायुद्धात, ऑक्सफर्डचे नॉर्मन हीटली अमेरिकेत पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत पेनिसिलिनची बुरशी घेऊन पोहोचले. मक्याच्या प्रदेशातली ही प्रयोगशाळा. तिथल्या अँड्र्यू मॉयर यांनी बुरशीच्या खाद्यात हे मक्याच्या भिजवणीचं पाणी आटवून घातलं आणि पेनिसिलिन कित्येक पटींनी वाढलं. ज्या औषधाने नंतर लाखो जखमी वाचले, त्याच्या मोठ्या उत्पादनाची वाट स्टार्चच्या कारखान्यातल्या सांडपाण्यातून गेली. आज हे पाणी आटवून विकणं हा सर्वच स्टार्च कारखान्यांच्या ताळेबंदाचा भाग आहे.

पाणी हा धुळ्याकडचा जिव्हाळ्याचा विषय. शिंदखेडा हा कायमचा टंचाईचा तालुका. ओल्या पद्धतीच्या कारखान्यात ताजं पाणी सर्वांत शेवटी, स्टार्चच्या अखेरच्या धुण्याला घेतात. तिथून निघालेलं पाणी एक पायरी मागे, तिथलं आणखी मागे, असं उलट्या दिशेने सरकत शेवटी दाणे भिजवायला जातं. माल पुढे जातो आणि पाणी मागे येतं. प्रत्येक पायरीला स्वच्छ पाणी दिलं तर लागेल त्याच्या काही हिश्शातच काम भागतं. जगात ही रचना खर्च वाचवायला जन्मली. अवर्षणाच्या मुलखात तिचं मोल वेगळंच.

आता पुन्हा जळगाव, १९७८.

भवरलाल जैन मूळचे जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे, जन्म १९३७चा. वकिलीचं शिक्षण झालं, सरकारी नोकरीची दारं उघडी होती. ती बाजूला ठेवून १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर त्यांनी हातगाडीवरून रॉकेल विकायला सुरुवात केली. रॉकेलमागून ट्रॅक्टर, खतं, बियाणं, पाइप, तुषार संच अशा एजन्सी येत गेल्या. पंधरा वर्षं ते शेतकऱ्याला लागणारा माल विकत होते. शेतकऱ्याचा माल विकत घेण्याची पहिली मोठी संधी म्हणजे हा भुकटीचा कारखाना.

पपेन हे विकर, म्हणजे प्रथिनं तोडणारं प्रथिन. मटण लवकर शिजावं म्हणून त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकण्याची रीत घराघरात आहे, तिथे हेच काम करतं. १८७९ साली फ्रान्सच्या ॲडोल्फ व्यूर्त्स यांनी ते वेगळं करून त्याला नाव दिलं. विसाव्या शतकात त्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते बिअरच्या धंद्यात. बिअर थंड केली की त्यातली प्रथिनं साखळून ती गढूळ होते. किंचित पपेन घातलं की ती स्वच्छ राहते. शिवाय मांस मऊ करणं, कातडं कमावणं, पचनाच्या गोळ्या, जखमेतला मृत भाग साफ करणारी मलमं. चीक यायचा सिलोनहून, नंतर पूर्व आफ्रिकेतून आणि काँगोतून, आणि शुद्ध व्हायचा मुख्यतः युरोप-अमेरिकेत. कच्चा माल गरम देशांचा आणि नफा थंड देशांचा, हे गणित रबरापासून चहापर्यंत सर्वांच्या ओळखीचं. ते मोडायचं तर शुद्धीकरण पपईच्या झाडाजवळ आणावं लागणार होतं.

झाडाजवळ काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. फळ हिरवंगार, अडीच-तीन महिन्यांचं असावं लागतं. पहाटे, उन्हाच्या आत, माणूस ओळीत शिरतो. फळावर देठाकडून टोकाकडे तीन-चार उभे चरे मारतो. खोली दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जास्त गेलं तर आतला गर आणि स्टार्च चिकात मिसळतो. लोखंडी पातं वर्ज्य. बांबूची कामटी, काच किंवा स्टेनलेस स्टील. खाली धरलेल्या भांड्यात पांढरा चीक टपटपतो आणि काही मिनिटांत धार आटते, कारण चीक फळावरच थिजू लागतो. थिजलेला चीक खरवडून घ्यायचा. तीन-चार दिवसांनी त्याच फळावर चऱ्यांच्या मधल्या जागी पुन्हा चरे. हातमोजे नसतील तर बोटांची कातडी सोलवटते, कारण प्रथिनं तोडणारा हा पदार्थ मटणाच्या आणि माणसाच्या कातडीत फरक करत नाही.

लोखंड का चालत नाही, याचं उत्तर रेणूत आहे. पपेनच्या कामाच्या जागी गंधकाचा एक गट असतो, आणि तोच त्याची धार. हवेतला ऑक्सिजन, लोखंड, तांबं यांनी ही धार बोथट होते. उष्णतेने तर रेणूची घडीच विस्कटते. म्हणून चीक काढल्याबरोबर त्यात थोडं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मिसळतात आणि पन्नास-पंचावन्न अंशांच्या आत वाळवतात. अंगणात कडक उन्हात वाळवलेला चीक दिसायला तसाच असतो, वजनालाही तेवढाच भरतो, पण त्यातलं निम्मं पपेन मेलेलं असू शकतं. कच्च्या मालात काड्या, धूळ, जंतू असतात ते वेगळेच. शुद्ध करायचं म्हणजे तो पाण्यात विरघळवायचा, न विरघळणारा भाग गाळून काढायचा, द्रावण घट्ट करायचं आणि रेणूला धक्का न लावता सुकवायचं. सुकवणीत इथे एक निसर्गनियम मदतीला येतो. गरम हवेत बारीक तुषार सोडले की थेंबातून वाफ निघत असेपर्यंत थेंब स्वतः थंडच राहतो. हवा दीडशे अंशांच्या पुढे असली तरी पपेन शाबूत उतरतं.

केळीच्या भुकटीचा कारखाना आणि पपेनचा कारखाना यांचं मूळ काम एकच, म्हणजे पाणी काढणं. फरक उरलेल्या भुकटीच्या किमतीचा. केळीची भुकटी किलोने विकली जाते. पपेन विकलं जातं ते त्याच्या क्रियाशीलतेवर, एका मिलिग्रॅममध्ये प्रथिन तोडण्याची किती एककं आहेत त्यावर. औषधी दर्जासाठी अमेरिकी औषधसंहितेत मिलिग्रॅमला किमान सहा हजार एककं मागितलेली आहेत. अमळनेरला शेंगांच्या ढिगाशी जे सुरू झालं होतं, ते इथे टोकाला पोहोचलं होतं. मालाचा भाव आता डोळ्यांना दिसतच नव्हता, प्रयोगशाळेतच कळत होता. जैनांचं मोठेपण मला इथे दिसतं. आजारी कारखान्यात त्यांना केळी दिसली नाहीत, पाणी काढण्याची यंत्रं दिसली, आणि त्या यंत्रांतून जाण्याइतका मोलाचा माल त्यांनी शोधला.

या मोलाला एक काळी बाजूही आहे. पपेनची कोरडी धूळ श्वासातून गेली की दमा जडू शकतो, हे जगभरच्या कारखान्यांत नोंदलं गेलं आहे. त्यामुळे विकरांच्या उद्योगाला धूळ न उडणारे दाणे आणि द्रवरूप माल यांकडे वळावं लागलं.

चीक काढलेल्या पपईवर चरे राहतात. बाजारात तिला भाव नाही. पण आतला कच्चा गर शाबूत असतो. त्याचे बारीक चौकोन करून साखरेच्या पाकात मुरवले, रंगवले की बेकरीची टुटीफ्रुटी होते. सालीतून आणि गरातून पेक्टिन काढता येतं. पावाच्या तुकड्यात लागणारा तो लाल-हिरवा कण बहुतेकांना कुठल्यातरी फळाचा वाटतो. तो हिरव्या पपईचाच.

पपेननंतर जैनांचा धंदा वेगाने फुटत गेला. १९८०मध्ये पीव्हीसी पाइप, १९८६च्या अखेरीस ‘जैन इरिगेशन सिस्टीम्स’ कंपनी, मग ठिबक. ठिबकची कथा अनेकदा लिहिली गेली आहे. रसायनाच्या धाग्यात महत्त्वाचं प्रकरण १९९०च्या दशकातलं, ते कांदा आणि फळं सुकवण्याचं. याच दशकाच्या तोंडावर, १९९०मध्ये, जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि पुढे तिथे रासायनिक तंत्रज्ञान शिकवलं जाऊ लागलं. तोवर अशा कारखान्यांना लागणारी मुलं बहुधा मुंबईत माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात जाऊन शिकत.

कांद्याचं गणित पुन्हा पाण्याचंच. बाजारातल्या नेहमीच्या कांद्यात घन भाग समजा अकरा टक्के आहे. पाच टक्के ओल राखलेली एक किलो सुकी चकती हवी असेल तर असे साडेआठ किलोंहून जास्त कांदे लागतात आणि साडेसात किलोंहून जास्त पाणी वाफ करून उडवावं लागतं. घन भाग सतरा टक्के असेल तर साडेपाच किलोंच्या आसपास कांदे पुरतात आणि उडवायचं पाणी साडेचार किलोंवर येतं. म्हणजे इंधनात चाळीस टक्क्यांची बचत, कारखान्यातल्या एकाही नळीला हात न लावता. ही बचत फक्त बियाण्यात आणि शेतात होऊ शकते. म्हणून कंपनीने जास्त घन भागाचा पांढरा कांदा निवडीने तयार केला आणि २००१च्या सुमारास करार शेती सुरू केली. बियाणं कंपनीचं, ठरलेला किमान भाव, आणि बाजार चढला तर त्या मानाने दर. भाव कोसळला की कांदा रस्त्यावर ओतण्याची वेळ येणाऱ्या मुलखात हा किमान भाव मोठीच गोष्ट होती. सुकवणीचं अभियांत्रिकी बांधापासून सुरू होतं, हे इथे आकड्यांत दिसतं.

कांद्याची साल, टोकं, मुळं, आंब्याच्या साली आणि कोयी हे सगळं रोज टनांनी साठतं. आंब्याच्या वजनातला तिसरा हिस्सा तरी असाच जातो. उघड्यावर टाकलं तर दोन दिवसांत दुर्गंधी, माशा आणि नाल्यात आंबट पाणी. जळगावजवळच्या जैन हिल्सवर या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्या गॅसवर वीज करणारं केंद्र उभं आहे, क्षमता सुमारे १.७ मेगावॉट. काम वाटतं तितकं सोपं नाही. कांद्यात गंधकाची संयुगं भरपूर. गॅसमध्ये त्यांचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि तो इंजिन खातो, म्हणून गॅस आधी धुवून घ्यावा लागतो. फळांच्या साली झपाट्याने आंबतात. आम्ल वाढलं की मिथेन करणारे जंतू बसकण मारतात. रोजचं खाद्य हंगामाप्रमाणे बदलतं, उन्हाळ्यात आंबा, मग कांदा, आणि जंतूंना अचानक बदल सोसत नाही. कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डच्या ‘गिल्स ओनियन्स’ने २००९ साली कांद्याच्या रसापासून गॅस करून त्यावर वीज घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही गंधकाच्याच प्रश्नाला तोंड द्यावं लागलं होतं. टाकीत उरणारा गाळ खत म्हणून शेतात जातो.

भवरलाल जैन २५ फेब्रुवारी २०१६ रोजी गेले. २००८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. पुढच्या वर्षांत कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली आली आणि परदेशातला सिंचन व्यवसाय तिने २०२३मध्ये ‘रिव्ह्युलिस’ या कंपनीत विलीन केला.

पपईचं काय झालं, हा प्रश्न मात्र कारखान्यापेक्षा शेतातला आहे. चिकासाठी कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाने ‘सीओ-२’, ‘सीओ-५’ यांसारखी वाणं काढली. त्यांच्या फळात चीक जास्त. खानदेशात आज शहादा, शिरपूरच्या बाजूला पपईचे मोठमोठे मळे दिसतात. त्यांत बहुतांशी ‘रेड लेडी’ म्हणजे तैवान ७८६ आहे. हे वाण पिकून खाण्याचं, आणि फळ ट्रकने उत्तरेकडे जातं. रिंगस्पॉट विषाणूने पानं आवळली, झाडं खुरटली की वर्षाचं पीक हातचं जातं. त्यामुळे शेतकरी पहिल्या तोड्यात जेवढं मिळेल तेवढं पदरात पाडून घेतो. चीक काढायला पहाटे माणूस लागतो, तोही हलक्या हाताचा आणि शिकलेला. त्या मजुरीचा आणि चरे पडलेल्या फळाच्या नुकसानीचा मिळून जो आकडा होतो, त्याच्या वर चिकाचा भाव गेला तर शेतकरी चरे मारतो, नाही गेला तर फळ पिकू देतो. हा भाव ठरवताना चिकातली एककं शेतावरच मोजून शेतकऱ्याला दाखवली, सावलीत नीट वाळवलेल्या मालाला उन्हात करपवलेल्यापेक्षा जास्त पैसे दिले, तर अमळनेरच्या शेंगांना साठ वर्षांपूर्वी मिळालेला न्याय पपईच्या चिकालाही मिळेल.